ऑटोमॅटिक गाडीचा झटका ‘नॉर्मल’ की बिघाड? कसं ओळखायचं?

सिग्नल सुटतो. पाय ब्रेकवरून निघतो, गाडी पुढे सरकते आणि पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना एक हलका झटका बसतो. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. हा झटका पहिल्यापासून होता, की महिन्याभरात सुरू झाला, हेही नीट आठवत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा तीनच शब्दांचं असतं: "ऑटोमॅटिकमध्ये असं होतंच."

कधी हे उत्तर खरं असतं. पण कधी याच उत्तरावर विश्वास ठेवून वॉरंटीचे उरलेले महिने निघून जातात आणि नंतर त्याच गाडीच्या गिअरबॉक्सचं बिल लाखाच्या घरात जातं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्नाच्या ७,६९८ गाड्या, तर कियाने सेल्टोसच्या ४,३५८ गाड्या परत बोलावल्या. दोन्हीकडे १.५ लिटर पेट्रोल इंजिन आणि सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि कारणही एकच होतं: गिअरबॉक्सला तेल पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता. म्हणजे जवळपास नव्या गाडीतही गिअरबॉक्सचा प्रश्न येऊ शकतो आणि तो नेहमी चालवणाऱ्याच्या सवयीमुळेच येतो असं नाही.

मग झटका नॉर्मल कधी आणि बिघाड कधी? त्यासाठी आधी आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे हे माहीत असायला हवं.

ऑटोमॅटिक गाड्या एवढ्या कशा वाढल्या?

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत भारतात ऑटोमॅटिक म्हणजे महागडी गाडी, असंच समीकरण होतं. २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली आणि ते बदललं. त्या गाडीत एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन होतं. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्राचे हात बसवल्यामुळे ते स्वस्तात देता आलं. त्यानंतर टाटा, ह्युंदाई, रेनो, निस्सान अशा अनेक कंपन्यांनी छोट्या गाड्यांत एएमटी दिलं.

पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा पाय दुखलेल्यांना हा बदल हवाच होता. मात्र शोरूममध्ये सगळ्याच गाड्यांना एकच शब्द वापरला जातो, ‘ऑटोमॅटिक’. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं येतात. एका यंत्रात जो झटका स्वाभाविक असतो, तोच दुसऱ्यात बिघाडाची खूण ठरतो.

चार प्रकार कोणते आणि त्यांची लक्षणं काय?

१. एएमटी. मारुतीच्या गाड्यांत याला ‘ऑटो गिअर शिफ्ट’ किंवा एजीएस म्हणतात. यात क्लच आणि गिअर मॅन्युअल गाडीसारखेच असतात. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते.

काय नॉर्मल? गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते, त्यामुळे मान किंचित पुढे झुकते. जोरात एक्सलरेटर दाबला तर हे जास्त जाणवतं, पाय थोडा सैल सोडला तर कमी होतं. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी थोडी मागे येणं हेही हिल होल्ड नसलेल्या एएमटीमध्ये स्वाभाविक आहे.

काय बिघाड? ‘डी’मध्ये टाकूनही गाडी न हलणं, डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकणं किंवा दिसेनासा होणं, गिअर मध्येच अडकणं, चालत्या गाडीत आपोआप न्यूट्रल होणं. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी खेचत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट झिजत आल्याची शक्यता मोठी. पूर्वी ज्या चढावर गाडी सहज निघायची तिथे आता ती थरथरत निघत असेल, तरीही संशय क्लचवरच घ्यायचा.

२. सीव्हीटी. होंडा सिटी आणि अमेझच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये हा प्रकार असतो. ह्युंदाई आणि किया त्याला आयव्हीटी म्हणतात. यात पायऱ्यांसारखे गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा धातूचा पट्टा किंवा साखळी असते. पुलींचा व्यास बदलत जातो, तसा गिअरही सलग बदलत जातो.

काय नॉर्मल? एक्सलरेटर दाबल्यावर आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग मागून येतो. रबर ताणल्यासारखं वाटतं. अनेक जण याला ‘गाडी स्लिप होतेय’ समजतात, पण हा सीव्हीटीचा स्वभाव आहे.

काय बिघाड? झटका. सीव्हीटीची खरी ओळख तिचा गुळगुळीतपणा. त्यामुळे एएमटीत दुर्लक्ष करण्याजोगा धक्का इथे गंभीर मानावा. काही गाड्या मुद्दाम गिअर बदलल्याचा भास देतात, पण तोही धक्का देऊन नाही. कमी वेगात हलका एक्सलरेटर ठेवला असता गाडी थरथरणं, वेगाबरोबर चढत जाणारा शिटीसारखा आवाज, सपाट रस्त्यावर वेग तोच असताना आरपीएमचा काटा अचानक वर-खाली होणं, घाट चढल्यावर ताकद एकदम कमी होणं, ही लक्षणं दिसली की तपासणी लांबवू नये.

३. टॉर्क कन्व्हर्टर. हा जुना, मुरलेला प्रकार. मारुतीच्या ब्रेझा आणि एर्टिगामध्ये, महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० मध्ये तो आढळतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेटऐवजी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि ताकद त्या तेलातून पुढे जाते.

काय नॉर्मल? ‘पी’मधून ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर एखादा सेकंद लागणं आणि हलका धक्का जाणवणं. थंड इंजिनवर पहिली काही मिनिटं गिअर थोडे उशिरा बदलणं.

काय बिघाड? ‘डी’मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच न होणं आणि मग धाडकन गिअर पडणं. दोन गिअरच्या मध्ये इंजिन रिकामं रेस झाल्यासारखं ओरडणं. आणखी एक नेमकी खूण आहे: मध्यम वेगात, साधारण ५० ते ८० च्या दरम्यान, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर काही सेकंद जाणवते आणि एक्सलरेटर थोडा कमी-जास्त केला की थांबते. टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच नीट पकडत नसला की असं होतं. काही वेळा योग्य तेल बदलल्यावर हे थांबतं, पण दुर्लक्ष केलं तर दुरुस्ती मोठी निघते.

४. ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी. फोक्सवॅगन आणि स्कोडा याला डीएसजी म्हणतात, तर टाटाच्या अल्ट्रोझमध्ये तो डीसीए नावाने येतो. यात दोन क्लच असतात. एक १-३-५ असे विषम गिअर सांभाळतो, दुसरा २-४-६ असे सम. एका गिअरमध्ये गाडी चालत असतानाच पुढचा गिअर तयार असतो, म्हणून तो इतक्या झटपट पडतो.

काय नॉर्मल? अगदी मुंगीच्या गतीने चालताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किंचित अडखळणं, आतून बारीक ‘खट’ असा आवाज येणं.

काय बिघाड? प्रत्येक वेळी निघताना गाडी थरथरणं. गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा वारंवार येणं. पहिल्यानंतर थेट तिसरा पडणं किंवा रिव्हर्स अचानक गायब होणं. सम किंवा विषम गिअरांची एक अख्खी मालिकाच बंद पडली, तर त्या बाजूचा क्लच किंवा गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारं मेकाट्रॉनिक युनिट यांच्याकडे बोट जातं. हे युनिट महाग असतं.

डीसीटीतही दोन उपप्रकार आहेत. ड्राय क्लच हवेवर थंड होतो, वेट क्लच तेलात. तासभर रांगत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ड्राय क्लच लवकर तापतो. टाटाने २०२२ मध्ये अल्ट्रोझ डीसीए आणताना वेट क्लचवर भर दिला होता, त्यामागे हेच गणित होतं.

आपल्या गाडीत काय आहे हे फक्त कंपनीच्या नावावरून कळत नाही. एकाच कंपनीच्या स्विफ्टमध्ये एएमटी असतं आणि ब्रेझामध्ये टॉर्क कन्व्हर्टर. फोक्सवॅगन टायगुनच्या १ लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर मिळतो आणि १.५ लिटरला डीएसजी. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लावण्याआधी गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचं नाव पाहणं चांगलं. इलेक्ट्रिक गाड्यांना हा प्रश्न नाही. बहुतेकांत एकच कायमचा गिअर असतो, बदलायला काही नसतंच.

दोष गिअरबॉक्सचाच आहे का?

गिअरबॉक्सवर खापर फोडण्याआधी काही स्वस्त कारणं तपासून घ्यायला हवीत. कारण लक्षण तेच, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं, ती माउंटिंग फाटली की गिअर टाकताना धक्का बसतो. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल कमजोर झाली की गाडी चढावर थरथरते आणि ती थरथर थेट गिअरबॉक्ससारखी वाटते. १२ व्होल्टची बॅटरी मरायला आली की एएमटीचे ॲक्च्युएटर नीट काम करत नाहीत आणि गिअरची चूक दाखवणारा दिवा लागतो. थ्रॉटल बॉडीत घाण साचली तरी कमी वेगात झटके येतात.

गाडी ‘पी’मधून निघतच नसेल तर आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का ते पाहावं. ब्रेक दाबल्याचा संदेश पोचला नाही, तर सुरक्षेसाठी गिअरची दांडी अडवलेली राहते. अशा वेळी दोष अनेकदा पेडलजवळच्या छोट्याशा स्विचमध्ये असतो.

इथे ओबीडी स्कॅनर उपयोगी पडतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की गाडीच्या संगणकात साठलेले एरर कोड दिसतात. ‘पी ०७००’ म्हणजे गिअरबॉक्सच्या नियंत्रण यंत्रणेने काहीतरी नोंदवलं आहे, आणखी खोलात पाहा. ‘पी ०७३०’ म्हणजे गिअरचं प्रमाण चुकतंय. ‘पी ०७४१’ टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचबद्दल सांगतो, ‘पी ०२१८’ गिअरबॉक्स तापल्याचं. कोड म्हणजे निदान नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा हे तो सांगतो. स्कॅन न करताच ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये घाई करू नये.

घरच्या घरी कसं तपासायचं?

यासाठी मेकॅनिक लागत नाही. अर्धा तास, रिकामा सपाट रस्ता आणि एक छोटा चढ पुरेसा आहे. सोबत दुसरी व्यक्ती असेल तर तिने नोंदी कराव्यात, चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊ नये.

पहिलं, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करावी. ब्रेक दाबून ठेवून ‘पी’, ‘आर’, ‘एन’, ‘डी’ असं एकेक ठिकाणी पाच सेकंद थांबावं. गिअर पडायला किती वेळ लागतो आणि धक्का किती बसतो, हे बघावं.

दुसरं, हलक्या पायाने ६० पर्यंत वेग न्यावा. प्रत्येक गिअर बदलताना आवाज आणि वेग एकत्र चढतात की आवाज एकटाच पळतो, याकडे लक्ष द्यावं.

तिसरं, चालत्या गाडीत एक्सलरेटर एकदम दाबावा. गाडीने क्षणभरात खालचा गिअर पकडून पुढे झेपावलं पाहिजे. ती नुसतीच ओरडत राहिली तर काहीतरी घसरतंय.

चौथं, चढावर थांबून पुन्हा निघावं आणि रिव्हर्समध्येही तेच करून पाहावं.

पाचवं, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवून हे सगळं पुन्हा करावं. फक्त थंड असताना दिसणारं लक्षण आणि फक्त गरम झाल्यावर दिसणारं लक्षण यांची कारणं वेगळी असू शकतात. मेकॅनिकला "गाडी झटका देते" एवढंच सांगण्यापेक्षा "गाडी गरम झाल्यावर दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला, साधारण ३० च्या वेगाला, हलक्या पायावर झटका बसतो" असं सांगितलं तर अर्धं काम तिथेच होतं.

शेवटी, गाडी उभी असते त्या जागी खाली जमिनीवर तेलाचे डाग आहेत का पाहावं. गिअरबॉक्सचं तेल अनेक गाड्यांत लालसर असतं. ते काळपट झालं असेल आणि करपल्यासारखा वास येत असेल, तर आतले क्लच जळत असल्याची शक्यता असते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हे तेल तपासायची पट्टीच नसते, त्यामुळे ते काम गॅरेजमध्येच होतं.

एका परिस्थितीत मात्र चाचणी वगैरे करत बसू नये. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, वेग वाढेनासा झाला आणि इंजिनाचा दिवा लागला, तर गाडी ‘लिम्प मोड’मध्ये गेली आहे. आणखी नुकसान होऊ नये म्हणून संगणकाने स्वतःच घातलेला हा लगाम असतो. बोरघाटात किंवा एक्स्प्रेसवेवर असं झालं तर इंडिकेटरचे चारही दिवे लावून डावीकडे सुरक्षित जागी थांबावं. गाडी उचलायला फ्लॅटबेड टोइंगच मागवावं. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती जमिनीवर ठेवून ओढत नेलं, तर अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना आतून तेल पोचत नाही आणि ते खराब होतात.

‘तुमची चालवण्याची पद्धत चुकतेय’ या उत्तराचं काय?

या उत्तराची किंमत काय असू शकते, हे ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणातून दिसलं. फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. गाडी थरथरते, झटके देते, मध्येच ताकद जाते, अशा तक्रारी येत राहिल्या. कंपनीने काही ग्राहकांना सांगितलं की, ही थरथर त्यांच्याच चालवण्याच्या पद्धतीमुळे होते.

ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक संरक्षण आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचलं. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गिअरबॉक्समधल्या दोषाची माहिती असूनही ग्राहकांच्या तक्रारी अन्यायकारक पद्धतीने हाताळल्या, हा त्यातला मुद्दा होता.

चीनमध्ये त्याआधीच, मार्च २०१३ मध्ये, सरकारी वाहिनी सीसीटीव्हीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात फोक्सवॅगनच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारी दाखवल्या. पुढच्या काही दिवसांतच कंपनीने ३,८४,१८१ गाड्या परत बोलावत असल्याचं जाहीर केलं.

दोन्ही प्रकरणांत एकेकट्या तक्रारीने काही हललं नाही. त्या नोंदल्या गेल्या, एकत्र आल्या आणि मग त्यांना वजन आलं. भारतातही २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला सहा गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. २०१७ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने त्याजागी टॉर्क कन्व्हर्टर दिला.

भारतात ग्राहकाच्या हातात काय आहे?

सुरुवात कागदापासून होते. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायला सांगावी. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं असेल तर वॉरंटी संपल्यावर ती तक्रार झालीच नव्हती, असं म्हणता येतं. सर्व्हिस ॲडव्हायजरला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्यावी आणि ‘नॉर्मल आहे’ असं उत्तर मिळालं तर तेही जॉब कार्डवर लिहून मागावं. स्कॅनचा रिपोर्ट आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं असल्यास त्याची नोंद घ्यावी. शक्य असेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून पाहावी. दोन्हींत सारखाच झटका असेल तर तो स्वभाव, एकीतच असेल तर बिघाड.

एक मेख लक्षात ठेवावी. अनेक कंपन्या क्लच प्लेटला झिजणारा भाग मानतात आणि तिला पूर्ण वॉरंटी देत नाहीत. एएमटी आणि ड्राय क्लच डीसीटीच्या बाबतीत वाद बहुधा इथेच होतो: क्लच वापराने झिजला, की मुळातल्या दोषामुळे?

कंपनीकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते, म्हणजे कोल्हापूरच्या ग्राहकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावं लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तज्ज्ञाच्या अहवालाला अशा प्रकरणांत मोठं महत्त्व येतं, त्यामुळे ‘उत्पादनातच दोष’ हा दावा नुसत्या शब्दांवर टिकणं अवघड असतं.

दुसरी वाट रिकॉलची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश कंपनीला देऊ शकतं. एखाद्या मॉडेलबद्दल ठराविक संख्येने तक्रारी आल्या की ही प्रक्रिया सुरू होते. म्हणून सोशल मीडियावर व्हिडिओ टाकून थांबण्यापेक्षा परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवणं जास्त उपयोगाचं. व्हिडिओला लाइक मिळतात, पण रिकॉलच्या हिशेबात नोंदलेली तक्रारच धरली जाते.

जुनी ऑटोमॅटिक घेताना काय पाहावं?

गाडी दाखवणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की इंजिन थंडच हवं. तुम्ही पोचायच्या आत गाडी सुरू करून गरम ठेवली असेल, तर सकाळचे झटके लपलेले असू शकतात. बॉनेटला हात लावून पाहायला पैसे पडत नाहीत.

स्कॅनर लावल्यावर एकही कोड दिसला नाही, तरी लगेच खूश होऊ नये. कोड विकण्याआधी पुसता येतात. ते नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि कसलेला मेकॅनिक ते ओळखतो. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं याची पावती मागावी. पाण्यात बुडालेल्या गाडीपासून तर लांबच राहावं. गिअरबॉक्सच्या हवा जाण्याच्या नळीतून पाणी आत शिरलं, तर त्याचा परिणाम दिसायला काही महिनेही लागू शकतात.

गिअरबॉक्स टिकवायचा कसा?

बहुतेक नुकसान चार सवयींतून होतं. चढावर ब्रेकऐवजी एक्सलरेटरच्या आधाराने गाडी धरून ठेवणं ही पहिली. एएमटी आणि डीसीटीमध्ये यामुळे क्लच अक्षरशः भाजतो. गाडी पूर्ण थांबण्याआधीच ‘डी’वरून ‘आर’ टाकणं ही दुसरी. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं ही तिसरी. यात पेट्रोल फारसं वाचत नाही आणि इंजिन ब्रेकिंग मात्र जातं. घाट उतरताना मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरावा. हँडब्रेक न लावता फक्त ‘पी’वर उतारावर गाडी उभी करणं ही चौथी.

तेलाबद्दल ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं काही ठिकाणी ऐकायला मिळतं. पुस्तिकेतलं ‘खडतर वापर’ हे पान उघडून पाहावं. त्यात सतत थांबत चालणारं ट्रॅफिक, घाट, धूळ आणि उष्ण हवामान यांचा उल्लेख असतो आणि तेल बदलण्याचं अंतर कमी दिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत गाडीचा रोजचा वापर याच वर्गात मोडतो. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टरचं तेल घातलं, तर बचतीपेक्षा नुकसान कितीतरी मोठं होतं.

"ऑटोमॅटिकमध्ये असं होतंच" हे उत्तर पुढच्या वेळी मिळालं, तर एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या ऑटोमॅटिकमध्ये? त्याचं उत्तर गिअरबॉक्सच्या नावासकट मिळालं आणि जॉब कार्डवर लिहिलं गेलं, तर वॉरंटीचे महिने हातातून निसटत नाहीत.